सहा स्क्रीन, दोन बाजू : एका रेस्टॉरंटच्या किचनमधल्या वायरिंगचं प्रकरण

मला बोलावणं आलं तोवर चार स्क्रीन बदलून झाले होते. सॉफ्टवेअर दोनदा नव्याने टाकलं होतं, राउटर नवा आणला होता, आणि तरीही जवळपास रोज संध्याकाळी, ऐन गर्दीत, किचनमधले ऑर्डर दाखवणारे स्क्रीन काळे पडत होते. मालकांचा राग स्क्रीन पुरवणाऱ्यांवर, त्यांचा सॉफ्टवेअरवाल्यांवर आणि सॉफ्टवेअरवाल्यांचा इंटरनेटवर. भिंतीतल्या वायरींकडे कोणाचंच लक्ष गेलं नव्हतं.

किचन मध्यम आकाराचं होतं. ग्रिल, फ्रायर, थंड विभाग आणि ताटं लावायचं टेबल असे चार विभाग, प्रत्येकावर एक स्क्रीन. तयार पदार्थ जिथून बाहेर जातात त्या पासवर आणखी दोन. शिवाय दोन थर्मल प्रिंटर, ऑर्डर वाटून देणारा एक छोटा कंट्रोलर संगणक, या सगळ्यांना केबलने एकमेकांशी जोडणारा एक नेटवर्क स्विच, आणि बाहेर ऑर्डर घ्यायला तीन टर्मिनल. आधी सगळं छापील चिठ्ठ्यांवर चालायचं. स्क्रीन आल्यावर चिठ्ठ्या पूर्ण बंद केल्या होत्या. चिठ्ठी हरवली तर एक ऑर्डर चुकते, पण स्क्रीन गेला की त्या विभागाला पुढचं काहीच दिसत नाही. स्वयंपाकी पासवर येऊन विचारतो, पासवरचा माणूस बाहेर जाऊन विचारतो, आणि तीन मिनिटांचा खोळंबा पुढचा अर्धा तास पुरतो.

हत्यारांची पेटी न उघडता मी दोन संध्याकाळ किचनच्या कोपऱ्यात उभा राहिलो. सगळ्यांची तक्रार एकाच वाक्यात होती : "स्क्रीन बंद पडतात." पाहिल्यावर कळलं की या तीन वेगवेगळ्या तक्रारी आहेत. कधी चार विभागांचे चारही स्क्रीन एकदम काळे होतात आणि कोणीतरी मागच्या बोर्डावरची कळ वर केली की परत येतात. कधी ग्रिल आणि फ्रायरचे स्क्रीन चालू असतात, पण नवी ऑर्डर येत नाही, जुनीच यादी गोठून राहते. आणि पासवरचा डावा स्क्रीन अधूनमधून आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतो. तिन्हींची कारणं वेगळी निघाली. एकच कारण शोधत बसल्यामुळेच इतके दिवस काही सापडलं नव्हतं.

मशीन लावलं की टीव्ही जातात

पहिला धागा भांडी धुणाऱ्या मावशींनी दिला. मी बोर्डाशी उभा असताना त्या म्हणाल्या, "दादा, संध्याकाळी मी पहिल्यांदा मशीन लावलं ना, की तुमचे ते टीव्ही जातात. रोज नाही, पण जातात तेव्हा तेव्हाच." महिनाभरात त्यांना कोणी काही विचारलंच नव्हतं.

डीबी, म्हणजे वीज वाटणारा मुख्य बोर्ड, उघडल्यावर चित्र स्पष्ट झालं. चार विभागांच्या स्क्रीनचे अ‍ॅडॉप्टर, दोन फ्रीज, बर्फाचं मशीन आणि भांडी धुण्याचं मशीन असे सगळे एकाच ३० मिलीअँपिअरच्या आरसीसीबीमागे होते. फेजमधून गेलेला प्रवाह आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह यांत फरक पडला, म्हणजे काही प्रवाह दुसऱ्या वाटेने जमिनीत जातोय असं दिसलं, की आरसीसीबी उडतो. माणसाचा जीव वाचवणारं उपकरण आहे ते, आणि ओल्या किचनमध्ये ते हवंच. पण ३० लिहिलं आहे म्हणून तो ३० लाच उडतो असं नाही. १५ च्या खाली उडू नये आणि ३० ला उडलाच पाहिजे, मधलं सगळं त्याच्या मर्जीवर. हा आरसीसीबी चाचणी मीटरवर २२ ला उडत होता.

लीकेज क्लॅम्प मीटर लावून मी एकेक उपकरण मोजलं. फ्रीज, बर्फाचं मशीन, स्क्रीन यांची सगळ्यांची थोडी थोडी गळती असतेच, त्यात बिघाड काही नाही. सगळं चालू आणि गरम असताना एकूण १३ मिलीअँपिअर भरले. मग दुपारभर बंद असलेलं भांड्यांचं मशीन चालू करायला सांगितलं, तर काटा २४ वर गेला आणि खाडकन सगळं बंद. त्या मशीनच्या हीटरच्या नळीत वीजरोधक म्हणून मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी भरलेली असते. टोकाचं सील खराब झालं की ती भुकटी हवेतली ओल शोषते. थंड, ओलसर हीटर सुरुवातीला जास्त गळतो, मग तापून वाळला की गळती उतरते. संध्याकाळची पहिली उष्टी भांडी आत येतात ती गर्दी चढायच्या वेळी. म्हणून स्क्रीन नेमके तेव्हाच जायचे.

हीटर बदला एवढं सांगून काम संपलं असतं. पण उद्या फ्रीजचा कॉम्प्रेसर गळेल, परवा बर्फाच्या मशीनचा पंप. ज्या संरक्षणामागे पाणी आणि उष्णतेची यंत्रं आहेत, त्याच संरक्षणामागे ऑर्डर दाखवणारा स्क्रीन ठेवला तर प्रत्येक यंत्राचा आजार स्क्रीनला होणार. त्यानंतरच्या सगळ्या आखणीत मी प्रत्येक वायरीला, प्रत्येक कळीला एकच प्रश्न विचारत गेलो : ही गेली तर सोबत कोण कोण जाईल?

आठही दिवे हिरवे, आणि तरी केबल चुकीची

दुसऱ्या तक्रारीला सगळ्यात जास्त वेळ लागला. ग्रिल आणि फ्रायरच्या स्क्रीनवरचं नेटवर्क अधूनमधून गोठायचं. आधीच्या वायरमनने केबल टेस्टर लावून दाखवला. आठ तारा, आठ हिरवे दिवे, क्रम बरोबर. त्याचा दोष मी धरत नाही, त्याच्या हातातलं साधन तेवढंच सांगतं.

मी नेटवर्क स्विचचं सेटिंगचं पान उघडून त्या दोन पोर्टांवरचे चुकांचे आकडे पाहिले. दुपारी शांत वेळी आकडा जवळजवळ स्थिर होता. मग शेफना विनंती केली की धूर ओढणाऱ्या पंख्याचा वेग कमी-जास्त करून दाखवा. वेग बदलला की आकडा शेकड्यांनी धावायचा. पंखा पूर्ण बंद केला तर थांबायचा. छताचा एक तुकडा काढल्यावर कारण दिसलं : पंख्याच्या मोटरचा वेग सांभाळणाऱ्या ड्राइव्हमधून मोटरकडे जाणारी जाड केबल, आणि तिलाच प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी बांधलेल्या दोन डेटा केबल, अंगाला अंग लावून सुमारे १४ मीटर. अशा ड्राइव्हमधून मोटरला शुद्ध लाट जात नाही, सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होणारे तुकडे जातात, आणि त्यांचा गोंगाट शेजारच्या वायरीत उतरतो.

तरीही मला पटेना. जोडीजोडीने पिळलेल्या तारा अशा गोंगाटाला बऱ्यापैकी तोंड देतात. दोन्ही तारांवर गोंगाट सारखाच बसतो आणि पलीकडे वजाबाकीत निघून जातो. १४ मीटर सोबत वाईटच, पण इतकी वाईट? म्हणून प्लग कापून हातात घेतला आणि भिंग लावून पाहिला. वायरमनने तारा रंगांच्या जोड्यांनी सरळ ओळीत बसवल्या होत्या : पहिली जोडी १-२ वर, दुसरी ३-४ वर, तिसरी ५-६ वर, चौथी ७-८ वर. दोन्ही टोकांना तसंच. दिसायला किती नीटनेटकं! पण इथरनेटला एक जोडी हवी असते ३ आणि ६ वर, तर ४-५ वर दुसरी. इथे ३ ची तार एका पिळातली आणि ६ ची दुसऱ्या पिळातली. टोकापासून टोकापर्यंत तांबं जुळलेलं, म्हणून टेस्टरचे आठही दिवे हिरवे. पण ज्या दोन तारा एकमेकींना पिळलेल्या असायला हव्या होत्या, त्याच वेगळ्या. वजाबाकी होणार कशी? शांत वेळी काम निभायचं, पंखा बदलला की कोसळायचं.

अशा फुटलेल्या जोड्या साध्या टेस्टरला दिसत नाहीत. एका जोडीचा आवाज दुसरीत किती उतरतो हे मोजणारा प्रमाणन मीटर लागतो. तो महाग असतो, पण काही दिवसांसाठी भाड्याने मिळतो. किचनमधल्या प्रत्येक केबलचा असा अहवाल हातात आल्याशिवाय भिंत बंद करू देऊ नये, या मतावर मी ठाम आहे. केबल बदलायला लागणारा वेळ तासाभराचा असतो, पण तिच्यावर बसवलेला स्टीलचा पत्रा काढायला किचन दिवसभर बंद ठेवावं लागतं.

नऊ मीटरमध्ये सव्वा व्होल्ट

तिसरं कारण मल्टीमीटरने दहा मिनिटांत सापडलं. पासवरच्या डाव्या स्क्रीनजवळ सॉकेटच नव्हतं. स्क्रीन लावायचं ठरलं तेव्हा पत्रे बसून झाले होते. म्हणून अ‍ॅडॉप्टर दूरच्या बोर्डावर लावून त्याची १२ व्होल्टची बारीक वायर ९ मीटर वाढवली होती, ०.७५ चौरस मिलिमीटरची. हिशेब सोपा आहे. जाऊन-येऊन १८ मीटर तांबं, म्हणजे सुमारे ०.४१ ओहम. स्क्रीन पूर्ण उजेडात ३ अँपिअर घेतो. म्हणजे वाटेतच सव्वा व्होल्टच्या आसपास हरवतात. स्क्रीनच्या पिनेवर मला १०.७ व्होल्ट मिळाले. उजेड थोडा कमी असला की चालायचं, पूर्ण झाला की स्क्रीन झोपायचा. कमी दाबाची वीज लांब न्यायची नाही. जास्त दाबाने न्यायची आणि स्क्रीनपाशी उतरवायची. हेच पुढे नव्या आखणीत कामाला आलं.

नवी आखणी

मालकांची पहिली सूचना होती, "वायरच नको, वाय-फाय करा." मी नाही म्हणालो. मायक्रोवेव्ह ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो, म्हणजे वाय-फायच्या जुन्या पट्ट्याच्या मधोमध. चारी बाजूंना स्टील, एका अंगाला धातूच्या पॅनेलची शीतखोली. ५ गिगाहर्ट्झवर ओव्हनचा त्रास टळतो, स्टीलचा टळत नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट : वीज तर वायरनेच न्यायची आहे. एक वायर जाणारच असेल तर तिच्यातूनच डेटा का नेऊ नये?

म्हणून पीओई, म्हणजे नेटवर्क केबलमधूनच वीज. इथे आकडे तपासूनच पुढे जावं लागतं. २००३ च्या पहिल्या मानकात स्विचच्या पोर्टवर १५.४ वॉट, उपकरणापर्यंत पोचणारे १२.९५. २००९ च्या ८०२.३एटीमध्ये पोर्टवर ३० आणि पोचणारे २५.५. आमचा स्क्रीन १२ व्होल्ट ३ अँपिअरचा, म्हणजे कमाल ३६ वॉट. "पीओई आहे" एवढं ऐकून २००९ च्या मानकाचा स्विच घेतला असता तर तो स्क्रीन पासवरच्या स्क्रीनसारखाच ऐन कामात झोपला असता. २०१८ च्या ८०२.३बीटीमध्ये ६० वॉटच्या पोर्टवरून ५१ वॉट पोचतात, तो घेतला. पोर्टची ताकद एक आणि स्विचची एकूण ताकद वेगळी, हेही पाहायचं. आठही पोर्ट ६० वॉटचे म्हणून स्विच ४८० वॉट देईलच असं नाही, आतल्या सप्लायवर जो एकूण आकडा लिहिलेला असतो तो खरा.

पीओईचा मला सगळ्यात मोठा फायदा वाटतो तो असा की ओल्या भिंतीवर मुख्य विजेचं सॉकेटच राहत नाही. रात्री पाइप लावून भिंती धुतल्या जातात, तेव्हा तिथे ५० व्होल्टच्या आसपासची, स्विचने राखलेली वीज असणं आणि मुख्य वीज असणं यात फार अंतर आहे.

पण एकच मोठा स्विच घेतला असता तर आरसीसीबीची चूक मी दुसऱ्या नावाने केली असती. म्हणून दोन लहान स्विच घेतले, अ आणि ब. दोघांना वेगळे यूपीएस, आणि यूपीएसला डीबीमधून वेगळी लाइन, जिच्यावर किचनचं एकही यंत्र नाही. मग स्क्रीन वाटले, तेही सरळ अर्धे-अर्धे करून नाही. ग्रिल अ वर तर शेजारचा फ्रायर ब वर, थंड विभाग अ, ताटांचं टेबल ब, पास डावा अ, पास उजवा ब. प्रिंटरही एकेक. एक बाजू पूर्ण गेली तरी प्रत्येक विभागाच्या शेजारचा स्क्रीन जिवंत राहतो, आणि सॉफ्टवेअरमध्ये अशी सोय होती की एका विभागाने प्रतिसाद दिला नाही की त्याची यादी शेजाऱ्याच्या स्क्रीनवर जाते आणि प्रिंटरवर चिठ्ठी निघते. चिठ्ठ्या पूर्ण बंद करण्याचा निर्णय मागे घ्यायला मालकांनी थोडा वेळ घेतला, पण घेतला. कंट्रोलर एकच होता, तो दोन करायची त्यांची तयारी नव्हती. ती कमजोरी कागदावर स्पष्ट लिहून ठेवली.

यूपीएसचा हिशेब करताना लोक स्क्रीन मोजतात आणि साखळी विसरतात. ऑर्डर टर्मिनलवरून निघते, कॅश काउंटरखालच्या छोट्या स्विचमधून जाते, कंट्रोलरकडे येते, मग स्क्रीनवर. तो काउंटरखालचा स्विच साध्या बोर्डावर होता. लाइट गेली असती तर सहाही स्क्रीन झळकत राहिले असते आणि एकही नवी ऑर्डर आली नसती. तोही यूपीएसवर घेतला. एका बाजूचा भार, तीन स्क्रीन, स्विच आणि बाकीचं मिळून, १५० वॉटच्या आत होता. १२ व्होल्ट ९ अँपिअर-तासाच्या दोन बॅटऱ्या म्हणजे कागदावर २१६ वॉट-तास. पण बॅटरी अशी भराभर रिकामी केली की त्यातले निम्मे-पाऊणच हाती लागतात, इन्व्हर्टरही थोडे खातो. म्हणून मी मालकांना ३० मिनिटं सांगितली, कागदावरचा जवळजवळ दीड तास नाही. हातातल्या ऑर्डर पूर्ण करायला ती पुरतात.

पुठ्ठ्याचे स्क्रीन

स्क्रीन नेमका कुठे लावायचा हे मी नकाशावर ठरवत नाही. सहा पुठ्ठे स्क्रीनच्या मापाचे कापले, त्यांवर पांढरा कागद चिकटवला, आणि स्वयंपाकी आपापल्या जागी उभे असताना त्यांच्या नजरेच्या उंचीला टेपने लावले. प्रत्येकाला विचारलं, हातातलं काम न सोडता, मान न वळवता दिसतं का? ग्रिलवरच्या मुलाने पुठ्ठा स्वतःच एक वीतभर डावीकडे सरकवला. तिथे त्याचा उजवा हात आडवा येत नव्हता. मग ते पुठ्ठे दोन संध्याकाळ तसेच ठेवले.

तिसऱ्या दिवशी सकाळी कागद उतरवून टेबलावर मांडले. थंड विभागाचा जवळजवळ कोरा. ग्रिलच्या कागदाला पिवळसर झाक. फ्रायरच्या कागदावर खालच्या उजव्या कोपऱ्यात तेलाचे बारीक ठिपके, आणि वरच्या कडेला एक सरळ ओघळ. तो वरच्या धूर ओढणाऱ्या हुडच्या कडेवरून गळणाऱ्या वाफेच्या थेंबांचा. स्क्रीनची वायर नेमकी त्या वरच्या कडेनेच उतरणार होती. फ्रायरची जागा हातभर बाजूला नेली, हुडच्या कडेच्या बाहेर.

स्क्रीनच्या खोक्यावर आयपी६५ लिहिलेलं होतं. त्याचा अर्थ धूळ आत जात नाही आणि पाण्याचा फवारा सोसतो. माहितीपत्रक उलटून पाहिलं तर ते फक्त समोरच्या काचेपुरतं होतं, मागचे पोर्ट उघडे. म्हणून वीज आणि डेटा वेगळं करणारा स्प्लिटर आणि जोडणी स्क्रीनच्या वर, झाकणाच्या डब्यात ठेवली. केबल डब्याच्या तळातल्या ग्लँडमधून, म्हणजे केबल घट्ट धरणाऱ्या बुचातून, आत जाते आणि आत जाण्याआधी खाली झोळासारखी वळसा घेते, म्हणजे केबलवरून ओघळलेलं पाणी त्या झोळाच्या तळातून टपकतं, जोडणीत शिरत नाही. भिंतीतून येणारी कायमची केबल या डब्यातल्या जॅकवर संपते. पुढे स्क्रीनपर्यंत छोटी, बदलता येणारी कॉर्ड. सफाई करताना कोणी स्क्रीन ओढला, तर तुटेल ती कॉर्ड.

केबलच्या वाटा छतातून घेतल्या, हुड आणि धुराच्या नळापासून दूर. पंख्याच्या मोटरची केबल एका जागी ओलांडावीच लागली, ती काटकोनात. फ्रायरच्या वरच्या छताच्या पोकळीत संध्याकाळी थर्मामीटर ठेवला होता, ५२ अंश निघाले. नेहमीच्या केबलचं वेष्टण ६० अंशांपर्यंतचं असतं, त्यात पीओईचा प्रवाह केबलला आतून थोडी ऊब देतो. तिथली वाट बदलली आणि शिवाय ७५ अंशांची केबल घेतली. सगळ्यात लांब केबल ३८ मीटर भरली. कायमच्या जोडणीसाठी मर्यादा ९० मीटरची, त्यामुळे लांबीची चिंता नव्हती.

केबल पूर्ण तांब्याचीच हवी, हे मी लेखी मागितलं. वरून तांब्याचा मुलामा आणि आत अ‍ॅल्युमिनियम अशी केबल वजनाला हलकी आणि स्वस्त असते, पण तिचा रोध जास्त, पीओईच्या प्रवाहाने ती जास्त तापते आणि टोकं ठिसूळ. आलेल्या गुंडाळीचं टोक मी ब्लेडने खरवडून पाहिलं. आतून चांदीसारखं चकाकलं, गुंडाळी परत पाठवली. दुसरी आली ती लालसर निघाली.

प्रत्येक जागी दोन केबल टाकल्या, एक कामाची, एक राखीव, आणि दोन्ही तपासलेल्या. आतून २२ मिलिमीटरच्या पाइपात ६ मिलिमीटर जाडीच्या पाचच केबल घालायच्या, आणि सोबत रिकामी नायलॉनची दोरी सोडायची. सातवी-आठवी कोंबताना पीळ सुटतात, वेष्टण ओरबाडलं जातं. प्लगपाशीही तारांचा पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू दिला नाही.

नेटवर्कच्या बाजूला फार काही करावं लागलं नाही. स्क्रीन, प्रिंटर आणि कंट्रोलर वेगळ्या व्हीएलॅनमध्ये, म्हणजे त्याच स्विचवर आखलेल्या वेगळ्या नेटवर्कमध्ये, पाहुण्यांच्या वाय-फायपासून तोडलेले. प्रत्येकाचा पत्ता राखीव. न वापरलेले पोर्ट बंद, कारण राखीव केबलची दोन्ही टोकं चुकून स्विचमध्ये गेली की संदेश गोल गोल फिरत राहतात आणि सगळं नेटवर्क बसतं.

कळ खाली करून पाहणं

काम पूर्ण झाल्यावर एका मंद दुपारी, किचन चालू असताना, शेफ आणि मी यादी घेऊन उभे राहिलो. एकेक कळ खाली, एकेक प्लग बाहेर, आणि प्रत्येक वेळी कोणते स्क्रीन गेले ते लिहायचं. भांड्यांच्या मशीनचा आरसीसीबी पाडला : सहाही चालू. स्विच अ काढला : तीन गेले, त्यांच्या याद्या शेजारी उमटल्या, प्रिंटरने चिठ्ठ्या काढल्या. पंख्याचा वेग वर-खाली केला : पोर्टवरचे आकडे हलले नाहीत.

मग यूपीएसच्या एका लाइनची एमसीबी, म्हणजे डीबीतली तिची कळ, पाडली आणि दोन्ही यूपीएस एकदम बीप करू लागले. कागदावर दोन लाइन होत्या, पण डीबीत दोन्हींची टोकं एकाच एमसीबीखाली बसवलेली. मी डीबी बंद होण्याआधी ती जोडणी स्वतः पाहायला हवी होती. बॅटऱ्या असल्यामुळे ही चूक कदाचित वर्षभर कोणाला दिसली नसती. त्याच दुपारी वेगळी केली.

दुसरी उणीव सगळी वीज एकदम बंद करून परत दिल्यावर दिसली. स्क्रीन आधी जागे झाले, कंट्रोलर मागून. तोवर स्क्रीनांनी जोडणी नाही असा निरोप दाखवला आणि कोणी बोट लावेपर्यंत तिथेच थांबले. फ्रायरवर हात तेलाचे असतात, तिथे बोट लावायला कोण जाणार? दर दहा सेकंदांनी आपोआप पुन्हा प्रयत्न करण्याची खूण सेटिंगमध्ये होती, ती सहाही ठिकाणी लावली आणि पुन्हा सगळी वीज पाडून पाहिली. या वेळी कोणाचा हात न लागता सहाही याद्या परत आल्या.

एक जागा मनासारखी झाली नाही. ग्रिलमागचा पत्रा काढता आला नाही, त्याच्या मागे गॅसची नळी होती. तिथली केबल पत्र्यावरून, स्टीलच्या पाइपात आणली आहे. सफाईचा जोर त्या पाइपाच्या क्लॅम्पवर पडतो, म्हणून दर महिन्याला ते तपासायचं काम शेफनी आपल्या यादीत घेतलं.

सुमारे दोन महिन्यांनी भांड्यांच्या मशीनचा आरसीसीबी पुन्हा उडाला. हीटर अजून बदलला नव्हता. मावशींनी पासवर येऊन सांगितलं की मशीन बंद पडलंय, तेव्हा कुठे किचनला कळलं. सहाही स्क्रीनवर ऑर्डर चालू होत्या. दुसऱ्या दिवशी हीटर बदलला.

पुढे थंड विभागाला दुसरा स्क्रीन हवा झाला. डब्यातली राखीव केबल बाहेर काढली, अहवालातला तिचा क्रमांक पाहिला, रॅकमध्ये तिचं टोक ब स्विचला लावलं, कारण तिथला पहिला स्क्रीन अ वर आहे. पत्रा एकही हलवावा लागला नाही. रॅकच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या कागदावर, कोणती कळ गेली तर कोणते स्क्रीन जातात त्या यादीत, शेफनी स्वतःच्या हाताने सातवी ओळ लिहिली.